‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ : दोघांची बोली आणि तिची मर्यादा

नोएल कॉवर्ड (१८९९–१९७३) याच्या ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ या तीन अंकी सुखात्मिकेविषयी जे लिहिले गेले आहे त्यात दोन अभिप्राय वारंवार आढळतात. एक असा की, हे नाटक अतिशय चटकदार आहे. दुसरा असा की, चटकदारपणाखेरीज त्यात फारसे काही नाही. नाटक रंगभूमीवर आले तेव्हाच काही परीक्षकांना ते पातळ आणि ठिसूळ वाटले होते. तरीही १९३० पासून आजपर्यंत ते पुनःपुन्हा रंगभूमीवर येत राहिले आहे. केवळ चुरचुरीत वाक्यांच्या बळावर एखादे नाटक इतकी वर्षे टिकते, हे मानणे कठीण आहे. वाक्ये शिळी होतात. विनोदाचे संदर्भ विसरले जातात. ज्या वर्गाच्या चालीरीतींवर विनोद उभारला असेल तो वर्गही कालांतराने नाहीसा होतो. मग या नाटकात न विरणारे असे काय आहे, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’चा खरा विषय प्रेम हा नसून प्रेमिकांची भाषा हा आहे. दोन माणसांच्या जवळिकीतून त्या दोघांपुरतीच एक बोली निर्माण होते. ही बोलीच त्यांना एकत्र बांधते आणि हीच बोली त्यांचे शस्त्रही बनते. हा विषय कॉवर्डने विलक्षण अचूकपणे हाताळला आहे. मात्र एका ठिकाणी त्याने त्याच्या अटळ निष्कर्षाकडे पाठ फिरवली आहे. नाटकाचे यश आणि त्याचे अपयश ही दोन्ही या एकाच सूत्राने समजून घेता येतात.

नाटकाचा पहिला प्रयोग १८ ऑगस्ट १९३० रोजी एडिंबरा येथील किंग्ज थिएटरमध्ये झाला आणि २४ सप्टेंबर रोजी लंडनचे नवे फिनिक्स थिएटर याच नाटकाने सुरू झाले. एलियटची भूमिका स्वतः कॉवर्डने व अमँडाची गर्ट्रूड लॉरेन्स हिने केली; व्हिक्टर झालेला तरुण नट म्हणजे पुढे कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेला लॉरेन्स ऑलिव्हिए होय. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रत्येक नव्या नाटकाला लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाची संमती घ्यावी लागे. ही पद्धत १९६८ साली रद्द झाली. दुसऱ्या अंकातील प्रणयप्रसंगाला या कार्यालयाने हरकत घेतली, कारण त्यातील नायक-नायिका परस्परांपासून विभक्त झालेली आणि नव्याने दुसऱ्यांशी विवाहबद्ध झालेली होती. कॉवर्डने नाटक स्वतः वाचून दाखविल्यावर संमती मिळाली. या हकीगतीत एक मर्मही दडलेले आहे. नुसत्या लिखित शब्दांवर ज्याला आक्षेप होता त्याला तेच शब्द स्वराघातासह ऐकल्यावर निर्दोष वाटले. या नाटकातील अर्थ शब्दांत जितका आहे त्याहून अधिक उच्चारणात, विरामात आणि प्रतिसादात आहे, याची ही पहिली साक्ष म्हणावी लागेल.

कथानक थोडक्यात असे. फ्रान्समधील समुद्रकाठच्या एका हॉटेलात दोन शेजारशेजारच्या खोल्यांत दोन नवविवाहित जोडपी मधुचंद्रासाठी उतरली आहेत. एका खोलीत एलियट आणि सिबिल, दुसरीत अमँडा आणि व्हिक्टर. दोन्ही खोल्यांना मिळून एकच सज्जा; मध्ये कुंड्यांतल्या झुडपांची रांग तेवढी आहे. एलियट आणि अमँडा ही पूर्वाश्रमीची पतिपत्नी असून त्यांच्या घटस्फोटाला पाच वर्षे झाली आहेत. आपल्या नव्या जोडीदाराकडून मागच्या जोडीदाराविषयीच्या पृच्छा ऐकत असतानाच ती दोघे एकमेकांसमोर येतात आणि त्याच रात्री नव्या जोडीदारांना टाकून पॅरिसला पळून जातात. दुसऱ्या अंकात, काही दिवसांनंतर, अमँडाच्या पॅरिसमधील बिऱ्हाडी त्यांचे प्रेम आणि भांडण आळीपाळीने रंगते आणि शेवटी दोघे जमिनीवर हातघाईला आलेली असताना सिबिल व व्हिक्टर दारात उभी राहतात. तिसऱ्या अंकात दुसऱ्या दिवसाची सकाळ आहे. चौघे न्याहरीला बसतात. सिबिल आणि व्हिक्टर आपसात भांडू लागतात. आणि त्यांचे भांडण विकोपाला गेलेले असताना एलियट व अमँडा आपले सामान घेऊन चोरपावलांनी निघून जातात.

पहिल्या अंकाची रचना आरशासारखी आहे. प्रथम एलियट–सिबिल बोलतात, मग अमँडा–व्हिक्टर. आणि दुसरे संभाषण पहिल्याचा प्रतिध्वनी असल्यासारखे वाटते. सिबिल अमँडाविषयी विचारते, व्हिक्टर एलियटविषयी. सिबिल नवऱ्याला ‘एली’ म्हणते, व्हिक्टर बायकोला ‘मँडी’ म्हणतो. उन्हाने रापलेल्या स्त्रिया सिबिलला आवडत नाहीत. व्हिक्टरलाही त्या आवडत नाहीत. प्रतिध्वनीचा हा खेळ केवळ योगायोगाची गंमत म्हणून योजलेला नाही. सिबिल आणि व्हिक्टर यांची भाषा सर्वांची भाषा आहे. स्त्रीने कसे असावे, पुरुषाने कसे असावे, सुख कशात आहे, याविषयी समाजाने तयार करून ठेवलेली वाक्ये ती दोघे प्रामाणिकपणे उच्चारतात. पुरुषी वळणाच्या बायकांचा तिला तिटकारा आहे. आपण सर्वसाधारण माणूस असल्याचे त्याला समाधान आहे. या सर्वसाधारणपणाच्या दाव्याला अमँडा जे उत्तर देते त्यातूनच नाटकाचे शीर्षक आलेले आहे. खाजगी आयुष्याच्या तळाशी गेल्यास सर्वस्वी सर्वसाधारण अशी माणसे फार थोडी, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. तिच्या लेखी खाजगीपण म्हणजे चार भिंतींचा आडोसा नव्हे. जेथे तयार वाक्ये निरुपयोगी ठरतात असा तो प्रदेश आहे.

एलियट आणि अमँडा यांची भेट होते तो प्रसंग या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. खालून वाद्यवृंदाचे सूर येतात. ती दोघांच्या जुन्या ओळखीची धून असते. भेटीनंतर बोलायला हवे ते बोलता येत नाही म्हणून ती दोघे प्रवासाविषयी बोलू लागतात. तो जगाची सफर करून आला आहे. ती चीनविषयी विचारते, तो चीन फार मोठा आहे असे सांगतो; जपानविषयी विचारते, तो जपान फार लहान आहे असे सांगतो. मग हिंदुस्थानचा विषय निघतो. काशीच्या घाटांचा उल्लेख करताना तिला ‘घाट’ हा शब्दही नीट आठवत नाही. ताजमहाल कसा होता, या प्रश्नाचे उत्तर तो स्वप्नवत होता असे देतो आणि तो बिस्किटांच्या डब्यावरील चित्रासारखा तर दिसत नाही ना, अशी शंका ती व्यक्त करते. भारतीय वाचकाला या संवादात साम्राज्याच्या काळातील इंग्रजी बेफिकिरी दिसेल, आणि ती तेथे आहेच. परंतु या वाक्यांतील चीन, जपान आणि ताजमहाल ही नावे माहिती देण्याघेण्यासाठी आलेली नाहीत. मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ साली भाषेच्या एका विशिष्ट व्यापाराकडे लक्ष वेधले होते. हवापाण्याच्या, खुशालीच्या बोलण्यात शब्दांचा अर्थ जवळजवळ शून्य असतो; बोलणे चालू आहे, म्हणजे दोघांमधला धागा शाबूत आहे, एवढेच त्यातून कळवायचे असते. कॉवर्डच्या या प्रसंगात हा व्यापार परमावधीला पोहोचतो. शब्द जसजसे अधिक पोकळ होतात तसतशी त्यांखालील भावना अधिक दाट होत जाते आणि ताजमहालाच्या चर्चेतून प्रेमाची कबुली एकाएकी बाहेर पडते. जे सिबिल आणि व्हिक्टर यांना अर्थपूर्ण वाक्यांनी साधत नाही ते या दोघांना निरर्थक वाक्यांनी साधते.

म्हणजेच या दोघांची एक स्वतंत्र बोली आहे. तिचे व्याकरण कोणी लिहिलेले नाही. पण तिचे नियम दोघांना ठाऊक आहेत. एकाने वाक्य अर्धवट सोडले की दुसऱ्याने ते कोणत्या अंगाने उचलायचे, गांभीर्याने विचारलेल्या प्रश्नाला बाष्कळ उत्तर केव्हा द्यायचे, एका आचरट कल्पनेवर दुसरी किती वेळ रचत जायची, हे सारे त्यांना अंगवळणी पडलेले आहे. दुसऱ्या अंकाच्या पूर्वार्धात मृत्यू, पाप, परलोक अशा विषयांवर ती बोलतात आणि प्रत्येक विषयाला थिल्लरपणाच्या पातळीवर आणून ठेवतात. हा थिल्लरपणा पुष्कळांना खटकतो. वस्तुतः तो विचारशून्यतेचा नव्हे, सहवासाचा पुरावा आहे. जेथे दुसऱ्याच्या थट्टेमागील भीती ओळखता येते तेथेच अशी थट्टा करता येते. वाद्यवृंदाची धून सर्वांच्या कानी पडते. ती आपली म्हणून फक्त दोघांना ऐकू येते. दोघांच्या बोलीचेही तसेच आहे. तिच्यातील प्रत्येक शब्द सार्वजनिक आहे, पण त्याचा संदर्भ खाजगी आहे.

अशा बोलीत जखम करण्याचीही तितकीच शक्ती असते, हे नाटककाराला आणि त्याच्या पात्रांनाही ठाऊक आहे. परक्या माणसाचा अपमान करावयाचा तर सर्वमान्य शिव्या वापराव्या लागतात. जवळच्या माणसाला एका निरुपद्रवी नामोल्लेखाने घायाळ करता येते. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाचे नाव, ब्रँडीचा एक जादा पेला, ग्रामोफोन लावण्याची वेळ, एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या अंकातील भांडण पेट घेते. पळून जाण्यापूर्वीच या दोघांनी या संकटावर एक उपाय योजून ठेवलेला असतो. भांडण सुरू होण्याचे चिन्ह दिसताच कोणीही एकाने ‘सॉलोमन आयझॅक्स’ हे सांकेतिक नाव उच्चारावे आणि दोघांनी पाच मिनिटे मुके राहावे, असा हा करार आहे. पॅरिसला आल्यावर नावाचे ‘सॉलक्स’ असे लघुरूप होते आणि मौनाचा कालावधीही दोन मिनिटांवर येतो.

नाटकातील सर्वांत अर्थपूर्ण योजना कोणती, असे विचारल्यास या संकेतशब्दाकडे बोट दाखवावे लागेल. प्रथमदर्शनी ती एक गमतीदार क्लृप्ती वाटते आणि प्रयोगात त्या दोन मिनिटांच्या स्तब्धतेवर भरपूर हशाही येतो. परंतु भाषेच्या दृष्टीने तिचे स्वरूप चमत्कारिक आहे. हा असा शब्द आहे की ज्याला कोणताही कोशार्थ नाही. ज्याचे एकमेव कार्य भाषा थांबविणे हे आहे. जे. एल. ऑस्टिनने ‘हाउ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स’ या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले की, काही उच्चार वर्णन करीत नाहीत, ते कृती करतात; विवाहविधीतील संमतीचा उच्चार हे त्याचे ठळक उदाहरण. अशा उच्चाराच्या सफलतेसाठी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. ‘सॉलक्स’ची अट एकच आहे: ऐकणाऱ्याने तो मान्य केला पाहिजे. आणि येथेच या कराराचे वैयर्थ्य उघड होते. भांडण किरकोळ असते तेव्हा मान्यता सहज मिळते. पण तेव्हा त्या शब्दाची फारशी गरज नसते. भांडण खरे असते तेव्हा गरज असते. पण तेव्हा मान्यता देणारे मनच उरलेले नसते. ज्या क्षणी एकमत संपुष्टात येते त्या क्षणासाठी केलेला हा करार एकमतावरच उभा आहे. म्हणून दुसऱ्या अंकात तो आरंभी उपयोगी पडतो आणि अखेरच्या भांडणात निष्प्रभ ठरतो. विवाहाच्या शपथेविषयीही हेच म्हणता येईल. किंबहुना ‘सॉलक्स’ म्हणजे या दोघांनी आपल्यापुरती घडविलेली, धर्म आणि कायदा वजा केलेली विवाहाची शपथच आहे. सार्वजनिक शपथ एकदा मोडलेली ही दोन माणसे खाजगी शपथ घेऊन पाहतात आणि तीही मोडतात. आधुनिक प्रेमसंबंधांविषयी यापेक्षा गंभीर विधान त्या दशकातील गंभीर म्हणविणाऱ्या नाटकांतही क्वचितच आढळेल.

येथपर्यंत कॉवर्डची पकड निर्दोष आहे. यापुढे मात्र ती सैल होते. शब्द संपतात आणि हात उठतो. अमँडा ग्रामोफोनची तबकडी एलियटच्या डोक्यावर फोडते; एलियट तिच्या थोबाडीत मारतो; दोघे लोळत, सामान उलथेपालथे करीत भांडतात. प्रयोगात हा प्रसंग प्रहसनाच्या गतीने जातो आणि प्रेक्षक हसतात. हसण्याला आधार असा की, मारामारी बरोबरीची आहे. दोघेही मारतात, दोघेही मार खातात. त्यामागे एक रम्य समजूतही उभी असते: ज्यांचे प्रेम उत्कट, त्यांचे भांडणही उत्कट. १९८३ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांनी या भूमिका केल्या. त्या दोघांनी प्रत्यक्ष आयुष्यात एकमेकांशी दोनदा विवाह केला होता आणि दोनदा घटस्फोट घेतला होता. अशा प्रयोगात ही रम्य समजूत संहितेवर पूर्णपणे स्वार होणे अपरिहार्य होते.

परंतु संहिता स्वतःच या समजुतीला पाठिंबा देत नाही. पहिल्याच अंकात, सिबिल हॉटेल सोडून जायला नकार देते तेव्हा, एलियट तिला शिर तोडण्याची धमकी देतो. सिबिलशी त्याचे उत्कट प्रेम नाही. तिच्याशी त्याची खाजगी बोली नाही. तिने त्याला डिवचलेलेही नाही. ती फक्त त्याच्या इच्छेच्या आड आली आहे. आरशासारख्या रचनेत अमँडाही याच वेळी व्हिक्टरला हॉटेल सोडण्याचा आग्रह करते आणि तिचीही त्याच्याशी खडाजंगी होते; परंतु तिच्या बोलण्याला अशा धमकीची धार येत नाही. आरसा येथे तडकलेला आहे. शिवाय स्त्रीला मारण्याच्या समर्थनार्थ नाटकात जे कुप्रसिद्ध विनोदी वाक्य येते ते एलियटच्याच तोंडी आहे. अमँडाच्या तोंडी त्याला समांतर असे वाक्य नाही. याचा अर्थ असा की, हिंसा ही दोघांच्या बोलीतून, प्रेमाच्या अतिरेकातून निर्माण झालेली वस्तू नव्हे. ती एका बाजूने आधीच बरोबर आणलेली आहे. कॉवर्डच्या कानाने हा फरक टिपला, म्हणूनच तो संवादांत उतरला. पण कॉवर्डच्या सुखात्मिकेने त्याची दखल घेण्याचे नाकारले. जो लेखक ‘भाषा कोठे अपुरी पडते’ हा प्रश्न इतक्या निर्मळपणे मांडतो, त्याने ‘ती अपुरी पडल्यावर कोणाचा हात किती जड असतो’ हा पुढचा प्रश्न तबकडीच्या तुकड्यांखाली झाकून टाकावा, हा या नाटकातील खरा उणेपणा होय. नाटक उथळ आहे, या सर्वसाधारण आक्षेपापेक्षा हा आक्षेप वेगळा आहे. नाटक खोल आहे. आणि खोल आहे म्हणूनच त्याची ही पळवाट डोळ्यांत भरते.

तिसऱ्या अंकात कॉवर्ड पुन्हा आपल्या हुकमी प्रदेशात येतो. रात्रीच्या पडझडीनंतर अमँडा यजमानीणबाईच्या थाटात अवतरते आणि जणू काहीच घडले नाही अशा शिष्टाचाराने कॉफी पुढे करीत प्रवासाच्या गप्पा मारू लागते. पहिल्या अंकातील ताजमहालाच्या गप्पांचीच ही दुसरी आवृत्ती आहे. भेद इतकाच की, तेथे पोकळ शब्दांखाली प्रेम दडले होते, येथे वैर दडले आहे. एकाच भाषिक साधनाने दोन विरुद्ध कार्ये करवून घेण्याचे हे कौशल्य असामान्य आहे. शिष्टाचाराच्या या ताणातच एलियटच्या एका विनोदाला अमँडाला हसू आवरत नाही आणि तुटलेली बोली पुन्हा जुळते. त्याच सुमारास एका क्षुल्लक निमित्ताने सिबिल आणि व्हिक्टर एकमेकांवर घसरतात. आजवर सर्वांची भाषा बोलणारी ही दोन माणसे प्रथमच स्वतःची भाषा बोलू लागतात आणि ती नेमकी एलियट–अमँडा यांच्या भांडणाची भाषा निघते. सिबिलचा हात व्हिक्टरच्या गालावर पडतो; व्हिक्टर तिला खांदे धरून गदागदा हलवितो; आणि पडदा पडतो.

या शेवटात एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. सिबिल–व्हिक्टर यांचे भांडण चाललेले असताना एलियट आणि अमँडा एक शब्दही बोलत नाहीत. ज्या मौनासाठी त्यांनी करार केला, संकेतशब्द शोधला, घड्याळ लावले, ते मौन येथे विनासायास अवतरते. कोणी ‘सॉलक्स’ म्हणत नाही. म्हणण्याची गरजच पडत नाही. नाटकभर अखंड बोलत राहिलेली दोन माणसे नाटकाच्या अखेरीस नुसत्या दृष्टिक्षेपाने एकमत होऊन निघून जातात. सुखात्मिकेचा सुखान्त जर कोठे असेल तर तो या मौनात आहे, पुनर्मीलनात नव्हे. पण हे मौन त्यांनी कमावलेले नाही. दुसऱ्यांचे भांडण ऐकण्यात ते गुंतले आहेत, म्हणून त्यांचे स्वतःचे भांडण तेवढ्यापुरते थांबले आहे. शिवाय सिबिल आणि व्हिक्टर यांनाही मारामारीपर्यंत आणल्यामुळे जे एका पुरुषाच्या स्वभावाचे वैगुण्य होते ते मानवजातीच्या नियमाचे रूप धारण करते. ‘सगळेच असे असतात’ हा निष्कर्ष प्रेक्षकाला घरी जाताना सुखावह वाटतो; दुसऱ्या अंकातील झाकलेला प्रश्न त्यामुळे कायमचा झाकला जातो.

या विवेचनाची एक कसोटी मराठी वाचकाला सहज उपलब्ध आहे. ती म्हणजे भाषांतराची. ज्या नाटकाचा विषय भाषा हा आहे ते दुसऱ्या भाषेत नेऊ लागले की, त्याची हाडे कोठे आहेत ते हाताला लागते. प्रमाण इंग्रजीतून द्वितीय पुरुषी एकवचनाचे जुने रूप व्यवहारातून गेलेले असल्यामुळे एलियट सिबिलला, अमँडाला आणि व्हिक्टरला एकाच सर्वनामाने संबोधतो. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड केल्याविना एक वाक्यही उच्चारता येत नाही. ब्राउन आणि गिल्मन यांनी १९६० साली सर्वनामांच्या निवडीमागे सत्ता आणि समभाव अशी दोन तत्त्वे असल्याचे प्रतिपादन केले. मराठी दांपत्याच्या भाषेत त्याचा पडताळा पूर्वापार मिळत आला आहे. पतीने पत्नीला ‘तू’ म्हणावे, पत्नीने पतीला ‘अहो’ म्हणावे आणि त्याचे नाव फक्त उखाण्यात घ्यावे, ही रीत सत्तेची. परस्परांना ‘तू’ म्हणण्याची नंतर रूढ झालेली रीत समभावाची. ज्या दशकात कॉवर्डचे नाटक आले त्याच दशकात, १९३३ साली, ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून स्त्री-पुरुषांना नीतीचे मापदंड वेगवेगळे का, हा प्रश्न मराठी प्रेक्षकापुढे ठेवला होता, आणि १९३६ साली अत्र्यांनी ‘लग्नाची बेडी’त विवाहबंधनाकडे विनोदाच्या दृष्टीने पाहिले होते. तेव्हा विषय मराठी रंगभूमीला अपरिचित नव्हता. अडचण विषयाची नाही, सर्वनामाची आहे.

सज्जावरील भेटीत अमँडाने एलियटला काय म्हणावे? ‘तू’ म्हटले तर पहिल्याच शब्दाला जुनी जवळीक जाहीर होते आणि ताजमहालाच्या गप्पांनी जे हळूहळू उघडावयाचे ते आधीच उघडे पडते. ‘तुम्ही’ म्हटले तर दुरावा ठसठशीत होतो, पण मग प्रेमाच्या कबुलीपूर्वी कोठे तरी ‘तू’वर यावे लागते आणि ते वळण श्रोत्याच्या कानावर आघातासारखे पडते. इंग्रजी संवादाची सारी गोडी ते वळण अदृश्य ठेवण्यात आहे. तीच गोष्ट आरशाच्या रचनेची. इंग्रजीत अमँडाचे वाक्य आणि एलियटचे वाक्य अक्षरशः एक असू शकते. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ हा भेद टळत नाही. भविष्यकाळी ‘मी जाईन’ या रूपात किंवा कर्मणी प्रयोगात तेवढी सुटका आहे. प्रतिध्वनी ऐकू येण्याऐवजी प्रत्येक वाक्यागणिक हा पुरुष, ही स्त्री, अशी नोंद होत राहते. भाषांतरकाराच्या दृष्टीने ही हानी आहे. टीकाकाराच्या दृष्टीने मात्र तो लाभ आहे. इंग्रजी रचना स्त्री-पुरुषांच्या बरोबरीचा जो आभास निर्माण करते, तो मराठी क्रियापद टिकू देत नाही. शिर तोडण्याची धमकी ‘तोडतो’ या क्रियापदाने दिली जाते आणि तिला ‘तोडते’ असा प्रतिध्वनी कोठेच नाही, ही गोष्ट मराठीत लपवून ठेवता येत नाही. उलट तिसऱ्या अंकात मराठीकडे एक साधन असे आहे की जे कॉवर्डला उपलब्ध नव्हते: काल रात्री ‘तू’ म्हणून भांडलेली अमँडा सकाळी कॉफी पुढे करताना एलियटला ‘आपण’ म्हणाली, तर त्या एका शब्दात साऱ्या न्याहरीचा बर्फाळपणा येऊ शकेल.

सारांश, ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ ही केवळ चतुर वाक्यांची माळ नव्हे. जवळीक ही एक भाषा आहे. ती दोघांनी घडवावी लागते. ती शपथेने किंवा संकेताने सुरक्षित करता येत नाही. आणि तिच्यातील ज्या शब्दाने सांत्वन होते त्याच शब्दाने घावही घालता येतो, हे या नाटकाने हसतहसत सिद्ध केले आहे. ते सिद्ध करताना, भाषा संपते तेथे काय सुरू होते, याकडे मात्र त्याने पुरेसे पाहिले नाही. या सुखात्मिकेला हसताना कोणत्या क्षणी हसू थांबावयास हवे, हे प्रत्येक प्रयोगाला आणि प्रत्येक वाचकाला स्वतः ठरवावे लागते. तो क्षण संहितेत आहे. तो दुसऱ्या अंकातील तबकडीचा नव्हे. पहिल्या अंकातील, सिबिलला दिलेल्या धमकीचा आहे.